सात फोन आणि एक मोटर

बापूचा उजवा हात कोपरापर्यंत पाइपात गेला होता, डोकं पाण्याखाली होतं आणि वर मोटर चालू होती. मी विहिरीच्या काठावर. माझ्या हातात त्याच्या कमरेला बांधलेला दोर. दोर ओढून उपयोग नव्हता. खालून पाइप धरून होता. मी वरून ओढलं असतं तर माणूस मधेच ताणला गेला असता, सुटला नसता. पाण्यावर बुडबुडे येत होते. डावा हात एकदा वर आला, हवेत काहीतरी चाचपलं आणि परत खाली गेला.

मोटर बंद करायचा खटका माझ्यापासून चार पावलांवर होता. तो लोखंडी पेटीत होता. पेटीला कुलूप होतं. कुलपाची चावी ग्रामसेवकाच्या खिशात होती आणि ग्रामसेवक इंदापूरला मीटिंगला गेला होता. मोटर आम्ही लावलेलीच नव्हती. ती कुणीतरी फोनवरून लावली होती.

हे असं कसं झालं ते सांगायचं आहे. पण बापूला पाण्याखाली ठेवून मागचं पुढचं सांगत बसणं बरं नाही. आधी त्याला बाहेर काढते.

मी अठ्ठावीस वर्षं गावाला पाणी सोडायचं काम केलं. या कामात एका गोष्टीला फार भ्यायचं असतं. मोटर हवा घेते. म्हणजे असं, की मोटर काठावर असते आणि पाइपानं खालचं पाणी ओढते, आपण नळीनं उसाचा रस ओढतो तसं. नळीला वर कुठं भोक पडलं तर रस तोंडात येत नाही, नुसती हवा येते. मोटरीचंही तेच. पाइपाला सुईएवढी चीर पडली तरी तिची ओढ संपते. ती चीर बुजवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, साबण लावला, काही जमलं नाही तेव्हा शेण थापलं.

त्या दिवशी मी दोर सोडला, पहार उचलली आणि पाइपावर घातली.

पहिला घाव घसरला. पाइप नवा होता, तीन महिन्यांपूर्वी बसवलेला. दुसऱ्या घावाला तडा गेला. तिसऱ्याला तोंडाएवढं भोक पडलं. लगेच मोटरीचा आवाज बदलला. भरलेला आवाज जाऊन रिकामा, चिरका आवाज यायला लागला. खाली पाणी एकदा ढवळलं आणि बापू वर आला. खोकला, ओकला आणि पहिलं जे बोलला ती शिवी होती. शिवी ऐकून मला बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस सहसा मरत नाही.

शेजारच्या उसाला पाणी धरणारा गडी आरडाओरडा ऐकून आला. आम्ही दोघांनी बापूला पायऱ्यांवरून वर घेतलं. हाताची सालटी निघाली होती आणि तीन बोटं नको तिकडं वळली होती. गड्यानं त्याला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मोटर तशीच कोरडी ओरडत राहिली, कारण खटका कुलपात होता आणि फोन लावला तर कुणी उचलत नव्हतं. वीसेक मिनिटांनी लाइट गेली तेव्हा ती गप्प झाली. लाइट गेल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढाच एकदा झाला.

आता मागचं सांगते.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्यापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, मला तिथंच राहायचं आहे. कालव्याच्या कडेला ग्रामपंचायतीची विहीर आहे. तिथून पाणी टाकीत चढवायचं आणि मग चार आळ्यांना पाळीनं सोडायचं, एवढंच माझं काम. हे काम आधी माझ्या मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं होतं. त्यांच्या पाठीनं दगा दिला तेव्हा मी करायला लागले. चौथी शिकलेल्या बाईला मोटरीतलं काय कळणार, असं तेव्हा लोक म्हणाले. मोटरीनं माझं शिक्षण कधी विचारलं नाही.

जुनी व्यवस्था साधी होती. लाकडी फळी, तिच्यावर तीन फ्यूज आणि स्टार्टर. मालकांनी मला पहिल्या दिवशी एक नियम सांगितला. जो विहिरीत उतरेल त्यानं तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवायचे. दुसऱ्या कुणाजवळ द्यायचे नाहीत, सख्ख्या भावाजवळही नाहीत. मी ओच्यात बांधायची. वर कुणी स्टार्टरवर नाचलं तरी मोटर लागणार नाही, कारण फ्यूज माझ्याबरोबर पाण्यात.

मग निवडणूक आली. कुठल्या आळीला किती पाणी यावरून आमच्या गावातली अर्धी भांडणं होतात. उरलेली बांधावरून. माणिकराव उभे राहिले ते पाण्यावर. पाणीवाली आक्का आपल्या आळीला जास्त पाणी सोडते, असं त्यांनी भाषणात सांगितलं. सोडत होते का? दोन-चार मिनिटं सोडत असेन. ज्यांच्या चुलीतला विस्तव मागून आणायचा, त्यांच्याशी घड्याळ लावून वागता येत नाही. मला त्यात पाप वाटलं नाही. पलीकडच्या आळीला वाटलं. त्यांचंही बरोबर असेल.

माणिकराव सरपंच झाले. त्यांनी मोबाईलवर चालणारा स्टार्टर आणला. पेटीत सिमकार्ड असतं. फोनमध्ये ॲप उघडायचं, हिरवं बटण दाबलं की मोटर चालू, लाल दाबलं की बंद. घरी बसून, बारामतीत बसून, कुठूनही. मी कुणाच्या सांगण्यावरून मोटर लावू नये म्हणून पेटीला कुलूप. फ्यूज गेले. बसवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, "फ्यूज कुठं हायत?" तो हसून म्हणाला, "आजी, फ्यूजचा जमाना गेला."

आधी ॲप फक्त माणिकरावांच्या फोनमध्ये होतं. तेव्हा नाना उठले. नाना म्हणजे दुसऱ्या पॅनेलचे म्होरके. "गावाचं पाणी एकट्याच्या खिशात कसं?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता. मग भांडण मिटवायला सातही सदस्यांच्या फोनमध्ये ॲप घालून दिलं. नाव एकच आणि पासवर्ड एकच, सातजणांना मिळून. त्यामुळं मोटर लागली हे सगळ्यांना दिसायचं, कुणी लावली हे कुणालाच दिसायचं नाही. सगळे खूश झाले. आमच्या गावात सातही सदस्य एकदम खूश झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सातातली एक सुरेखा. ती नानांच्या पॅनेलची. आणि सुरेखाचा नवरा म्हणजे बापू. बापू मोटरी दुरुस्त करतो. बायको सदस्य झाल्यापासून त्याला पंचायतीचं काम घेता येत नाही, तसा नियम आहे. तो तरीही माझ्यासाठी यायचा, फुकट आणि गुपचूप. सुरेखाला कळलं तर ती ओरडेल म्हणून घरी सांगायचा नाही.

त्या सोमवारी मोटर पाणी ओढेना. पाइपाच्या खालच्या टोकाला एक झडप असते, पाणी वर घेते पण परत खाली जाऊ देत नाही. तिच्या खाली जाळी असते. जाळीत शेवाळ आणि गुटख्याच्या पुड्या अडकतात. मी बापूला फोन केला. तो बेरिंग आणायला बारामतीच्या रस्त्याला लागला होता, अर्ध्यातून फिरला.

पेटीला कुलूप बघून बापू म्हणाला, "खटका पाडल्याबिगर मी उतरत न्हाय."

मी माणिकरावांना फोन लावला. ते बारामतीत एका लग्नाला गेले होते. मागं बँड वाजत होता.

"माणिकराव, बापू विहिरीत उतरतोय. मोटर लावू नका."

"बंदच हाय की आक्का. ॲपमधी लाल दिसतंय."

"आत्ता लाल हाय. बाकीच्या सहाजणांचं काय?"

"मी ग्रुपवर सांगतो सगळ्यांना. तुमी बिनघोर उतरवा त्याला."

मी बापूकडं बघितलं. बापूनं शर्ट काढला. सरपंचांनी शब्द दिला होता आणि आम्हाला पाणी पाहिजे होतं. मी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि त्याला उतरू दिलं.

माणिकरावांनी सांगितलं खरं. पण लिहून नाही. त्यांनी दीड मिनिटाचा आवाजाचा मेसेज सोडला. सुरुवातीला सर्व सन्माननीय सदस्यांना नमस्कार, मग लग्नातून बोलत असल्याचं, मग बँडबद्दल दिलगिरी, आणि शेवटी मोटर लावू नका. तो मेसेज शेवटपर्यंत कुणीही ऐकला नाही.

बापूनं जाळी सोडवली, झडपेत हात घालून आतला कचरा ओढला, आणि मोटर लागली.

पुढचे तीन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर प्रत्येकाचं मत तयार होतं. एकजण म्हणाला, दोष ॲपचा. दुसरा म्हणाला, ॲपला काय कळतंय, दोष बटण दाबणाऱ्याचा. तिसरा म्हणाला, बटण वाटणाऱ्याचा. एक म्हातारा म्हणाला की दोष बापूचाच, नियम मोडून फुकट काम करायला गेलाच कशाला. आणि एकानं शोध लावला की आक्कानंच मुद्दाम केलं असणार, जुना स्टार्टर परत यावा म्हणून. मी त्याच्या मागंच उभी होते. त्याला म्हटलं, "त्यासाठी बापूच का? तुला उतरवला असता." त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले.

मी दवाखान्यात गेले तेव्हा बापू प्लॅस्टर वर धरून पडला होता. म्हणाला, "आक्का, कुणी दाबलं त्याचा तपास लागला तर मला सांगू नका. मला त्याच घरात ऱ्हायचंय."

म्हणजे त्याला अंदाज आला होता. मलाही आला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुरेखा माझ्याकडं आली. मी शेंगा फोडत होते. ती शेजारी बसली आणि फोडायला लागली. मूठभर दाणे झाल्यावर म्हणाली, "आक्का, बटण मी दाबलं."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"सोमवार तुमच्या आळीचा. बाकीच्यांना सोमवारी पाण्याची काय पडलीय?"

तिनं आणखी एक शेंग फोडली. "बाया हंडे घेऊन दारात. सदस्य कशाला झालीस म्हणत होत्या. ॲप उघडलं तर लाल. म्हणलं आज लावायचं इसरलं कुणीतरी. दाबलं हिरवं."

"माणिकरावांचा मेसेज आलेला ना?"

"आला की. पण त्यांचं बोलणं कोण ऐकतंय? इलेक्शनपासून कान किटल्यात. आन् आमचे तर बारामतीला गेल्यात, असंच मला ठाऊक."

"मग आता?"

"सासूबाई म्हणत्यात गप ऱ्हा. नवरा वाचला, आता घराची अब्रू वाचव. मुद्दाम केलं असतं तर पाप. चुकून झालं त्याचं पाप लागत न्हाय म्हणत्यात."

"सासूचं तुला पटतंय का?"

"दिवसा पटतंय."

मी म्हणाले, "मला इचारशील तर सांगून टाक. पुण्य लागंल म्हणून न्हाय. न सांगता किती दिवस माझ्याकडं येऊन शेंगा फोडणार हायस?"

ती आणखी दोन मुठी शेंगा फोडून गेली. सांगते म्हणाली नाही, नाही सांगत असंही म्हणाली नाही.

शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. त्याआधी सकाळी मला पंचायतीची नोटीस आली होती. नवीन पाइपाची मोडतोड का केली, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. मी तिथंच मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: "पाइप मी फोडला. परत तशी वेळ आली तर परत फोडीन." सही करून देऊन टाकलं.

नाना पहिले बोलले. "माणूस मरता मरता वाचलाय. ह्याला चूक म्हणत न्हाईत, गुन्हा म्हणत्यात. जबाबदारी कुणाची ते ठरलं पायजे. माणिकराव, खुर्ची सोडा."

माणिकराव म्हणाले, "नाना, यंत्र हाय ते. यंत्रात दोष निघायचाच. त्यापायी माणसाला कशाला धरताय?"

मग त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावून स्पीकर चालू केला. तो गोड आवाजात म्हणाला, "सर, आमच्या सिस्टिमला कमांड आली, सिस्टिमनं मोटर लावली. कमांड तुमच्या सातपैकी एका फोनवरून आली. कोणत्या ते आम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही लॉगिन एकच घेतलंय." आणि नवा पॅक घ्यायचा असेल तर सांगा म्हणाला. माणिकरावांनी फोन ठेवला.

सुरेखा उठली. पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाली, "बटण मी दाबलं. मला ठाऊक नव्हतं खाली कोण हाय ते. खाली कुणीतरी असंल, ह्याचा इचार केला न्हाय."

व्हरांड्यातल्या सगळ्या माना मागं बसलेल्या बापूकडं वळल्या.

मग नाना परत उठले, पण आता वेगळ्या आवाजात. "लेकरू हाय. चूक माणसाकडून हुतीच. यंत्रातच काहीतरी सोय पायजे हुती."

माणिकरावही उठले. "न्हाय नाना. गुन्हा तो गुन्हा. यंत्राच्या नावावर ढकलून चालणार न्हाय. जबाबदारी ठरली पायजे."

पाच मिनिटांत दोघांनी एकमेकांची वाक्यं बदलून घेतली होती आणि दोघांच्याही तोंडी ती शोभत होती. मी पाच सरपंच बघितले. प्रत्येकाला खरं-खोटं कळतं. फक्त ते कुणाच्या पॅनेलमधलं आहे हे आधी बघावं लागतं.

मागून बापू म्हणाला, "ज्याचा हात हुता त्याला कुणी इचारणार का न्हाय?"

"बोल की," माणिकराव म्हणाले.

"माझी कुणावर तक्रार न्हाय. घरी गेल्यावर असंल ती घरातली."

लोक हसले. सुरेखाही हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

मी उठले. मला भाषण येत नाही. म्हणाले, "कुलूप दिसत असताना मी बापूला उतरवला. ते माझं. माणिकराव, तुमाला दीड मिनिट बोलायला सवड हुती, सहा जणांना फोन करायला नव्हती. ते तुमचं. नाना, सातजणांना बटण पायजे हा हट्ट तुमचा. सुरेखानं तिचं सांगितलं. आता दोष ज्याचा त्यानं घरी न्यावा. मला खटका पायजे. उद्यापासून तो मिळाला न्हाय, तर पाणी सोडायला माणिकरावांनी यावं आन् जाळी काढायला नानांनी उतरावं."

नानांना पोहता येत नाही, हे गावाला ठाऊक आहे. ठराव एकमतानं झाला.

आता ॲप एकाच फोनमध्ये आहे, पंचायतीच्या. माणिकरावांनी तो मला देऊ केला, मी घेतला नाही. नव्या पेटीत लाइट जायच्या आधी वाटेत जुनी फळी परत बसवली आहे, तीन फ्यूजसकट. ॲप मी वाईट म्हणत नाही. पावसापाण्यात, चिखलात, साप बघत मोटर लावायला जावं लागत नाही आणि माझे गुडघे त्याला दुवा देतात. पाणीही सगळ्या आळ्यांना सारखं जातं, हे मला कबूल करावं लागतं. पण एवढं शिकले. चालू करायचा अधिकार हव्या तेवढ्यांना वाटा. बंद करायचं मात्र जो खाली उतरतो त्याच्याच हातात पाहिजे.

माणिकराव अजून सरपंच आहेत. नाना अजून त्यांचा राजीनामा मागतात, आता रस्त्याच्या कामावरून. सुरेखाला माणिकरावांचं बोलणं अजून पटत नाही, पण त्यांचा मेसेज ती शेवटपर्यंत ऐकते. बापूची दोन बोटं नीट बसली, तिसरं वाकत नाही.

त्या सोमवारी विहिरीवर आम्ही दोघंच होतो, बापू खाली आणि मी वर. दोघंही जिवंत आहोत.